भिंगरी बांधून घेत नाही

आमच्या गल्लीत झोप लागायची ती मागांच्या खडखडाटात आणि मोडायची ती माग थांबले की. वीज गेली आणि सगळे माग एकदम गप्प झाले की तान्ही पोरं दचकून रडायला लागत आणि म्हातारी माणसं "काय झालं, काय झालं" करत उठून बसत. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला शांततेची धास्ती वाटते ती जन्मभराची. आता मुलाने हौसेने गावाबाहेर फ्लॅट घेतला आहे, तिथे पाखरूसुद्धा ओरडत नाही, म्हणून मी पंखा मोठा करून झोपते. सुनेला वाटतं मला उकडतं. मीही तिला तसंच वाटू देते.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या. मागच्या खोलीत अम्माचा राट. त्यावर ती शेजारच्या कारखान्यासाठी कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळायची. पुढच्या खोलीत नायनांचं टेबल. वडिलांना आम्ही नायना म्हणायचो. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी आणि भांडण लागलं की दोन्ही. नायना चादरींचे ग्राफ काढायचे. चादरीवर मोर दिसतो ना, तो आधी चौकटींच्या कागदावर एकेक चौकट लाल रंगाने भरून काढावा लागतो. त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात, आणि कुठला धागा उचलायचा हे त्या पट्ट्या मागाला सांगतात. मोर नायना आखायचे, चौकटी मी भरायची. दहावीनंतर पुढे शिकायचा विषय घरात कुणी काढला नाही. मीही नाही, कारण चौकटी भरायला मला मनापासून आवडायचं. दुपारी अम्मा भातावर चिंचेचं चारू ओतायची, बाजूला कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगांची चटणी, आणि नायना म्हणायचे, "हात धुऊन बस कामाला. मोराला चटणी लागली तर कारखानदार चादर खाऊन टाकेल." हा एकच विनोद ते वर्षानुवर्षं करत आले आणि आम्ही वर्षानुवर्षं हसत आलो.

मी शाळेत असताना वीर वावटळचे अंक निघायचे. आमच्याच शहरात छापलेले, पिवळट कागदावरचे, बोटांना शाई लागणारे चित्रअंक. उन्हाळ्यात माळावर वावटळ उठायची आणि तिच्यातून हा प्रकट व्हायचा, तोंडाला पंचा गुंडाळलेला, आणि चोर-भेसळवाल्यांना गरगर फिरवून पोलीस चौकीच्या दारात नेऊन आपटायचा. कोपऱ्यावरच्या दुकानात अंक भाड्याने मिळायचे. पानं सुटेपर्यंत आम्ही ते वाचायचो. मग एकाएकी ते बंद पडले. कुणी म्हणालं, मालक कंटाळला; कुणी म्हणालं, बाहेरगावच्या गुळगुळीत अंकांपुढे टिकाव लागला नाही. मला विचाराल तर वावटळ एकटा पडला होता. दोन शब्द बोलावेत असं त्याला कुणी नव्हतंच, अख्खा अंक तो स्वतःशीच बडबडायचा. असा माणूस किती दिवस टिकणार?

हे अंक ज्या छापखान्यात निघायचे त्याचे मालक मल्लिनाथअण्णा. त्यांचं घर चालायचं ते लग्नपत्रिकांवर, आणि पत्रिकांच्या कडेच्या वेली ते कधीमधी नायनांकडून काढून घ्यायचे. अशीच एक वेल पोचवायला मी गेले, तर आत अण्णांचं आणि उस्मानचाचांचं जोरात जुंपलेलं. उस्मानचाचा म्हणजे वावटळचे चित्रकार. एरवी सिनेमाचे मोठाले बोर्ड रंगवायचे, दाढीला मेंदी आणि सदऱ्याला सगळे रंग. अण्णांनी नवं ऑफसेट मशीन आणलं होतं आणि त्यांच्या डोक्यात वावटळ पुन्हा सुरू करायचं भरलं होतं. मोठा आकार, चार रंग, आणि या खेपेला त्याच्या जोडीला कोवळ्या वयाचा एक नवा साथीदार.

"मेरे वावटळकू जोडीदार कायकू?" चाचा म्हणत होते. "अकेला मस्त लडरा था."

"पोरास्नी आपल्या वयाचं कुनीतरी लागतंय की चाचा. एक पोरगा घालू. नाव भोवरा. वावटळ आनि भोवरा. बसतंय का न्हाय?"

मला कुणी काही विचारलं नव्हतं. पण गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही, तेव्हाही जमलं नाही. "पोरगी का नको?" मी दारातूनच म्हणाले.

अण्णांनी चष्मा वर केला. "तू त्या ग्राफवाल्याची सरोजा न्हवं? पोरगी काय करनार गं यव्वा?"

"भोवरा काय करणार होता?"

"वावटळसंगं फिरंल. चोरं पकडंल."

"मग तेच करेल ती. नाव भिंगरी."

नाव अण्णांना आवडलं हे त्यांच्या तोंडावर दिसलं, आणि ते मला दिसलं म्हणून त्यांना राग आला. "नाव ठेवनं सोपं हाय. काढून दाव की. पत्रिकांचा हंगाम लागायच्या आत अंक छापायचा हाय, नंतर मशीन मोकळं मिळत न्हाय. तवर जमलं तर भिंगरी, न्हाय तर भोवरा हायच."

त्या दिवसापासून मी हट्टाला पेटले. जगात काहीही होवो, वावटळच्या शेजारी पोरगी उभी राहणार आणि ती मी काढणार. कशासाठी, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आज एवढंच सांगते की वाचलेल्या सगळ्या अंकांत मी मनातल्या मनात वावटळच्या मागून धावलेली होते आणि एकाही पानावर मला उभं राहायला जागा नव्हती.

नायनांचा सगळ्यात मोठा कागद घेऊन बसले. डोळा काढला, वेणी काढली, कमरेवरचा हात, खोचलेला परकर, पायातलं वाळं. इतका जीव ओतला की काम झाल्यावर दारातल्या कुत्र्यालासुद्धा दाखवलं. कागद छातीशी धरून छापखान्यात गेले. अण्णांनी तो उलगडला, पालथा घालून मागे पाहिलं, परत सुलटा केला.

"उरलेली अर्धी कुटं हाय?"

मला प्रश्नच कळेना. मग कळला आणि कानापर्यंत तापले. आमच्या कामात मोर समोरासमोर बसतात, वेल दोन्हीकडे सारखी वळते. म्हणून ग्राफवर अर्धंच काढायचं, मधली रेघ आली की हात थांबवायचा. दुसरी बाजू माग आपणच उलटी विणतो. जन्मात मी कुठली गोष्ट अख्खी काढलेलीच नव्हती. एक डोळा, अर्धं नाक, एक हात, एक पाय, आणि रेघेच्या पलीकडे स्वच्छ कोरा कागद! घरात नायनांनी आणि अम्माने ती अर्धी पोरगी पाहून मान डोलावली होती. तिचं काही राहिलंय असं त्या दोघांनाही वाटलं नव्हतं. उस्मानचाचा तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. "पहले अंक में आधी, दुसरे में आधी, क्या की!"

दुसऱ्या दिवशी मी उरलेली बाजू उलटी उतरवून घेतली आणि जोडून नेली. या वेळी चाचा हसले नाहीत, ते जास्त लागलं. "ये चादर है बेटी," ते म्हणाले. "छोकरी नहीं. आदमी खडा रहता तो एक पाँव पे वजन रहता. ये कायपे खडी है?" मला तोंडात मारल्यासारखं झालं. घरी येऊन जेवले नाही. राग चाचांचा नव्हता, ते खरं बोलले याचा होता. संध्याकाळी मात्र उठले, चारू-भात दोनदा घेऊन खाल्ला आणि ठरवलं की वजन म्हणजे काय ते बघायचंच.

ते मला नळावर सापडलं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नसे (आजही येत नाही, त्यामुळे या बाबतीत मी स्वतःला म्हातारी समजत नाही). पाणी आलं की सगळी गल्ली बादल्या-घागरी घेऊन धावायची. भरलेली घागर कमरेवर घेतलेली पोरगी पाहिलीत का कधी नीट? कंबर एकीकडे बाहेर, एक खांदा वर, दुसरा हात हवेत लांब फेकलेला, मान तिसरीकडेच, आणि तशात ती धावते, कारण मागे दुसरी घागर भरत आलेली असते. अंगाची एक बाजू दुसऱ्या बाजूशी जुळत नाही आणि तरी थेंब सांडत नाही. मी उंबऱ्यात कागद घेऊन बसले. अम्मा आतून ओरडली, "एमे सरोजा, आपल्या घागरी कोण भरणार, तुझा वावटळ?" मी घागरी भरल्या आणि परत येऊन बसले. पुढच्या पाण्याला परत, त्याच्या पुढच्या पाण्याला परत. परवा नातीने मोबाइलवर एक सिनेमा दाखवला. त्यात एक बाई इमारतींवरून उड्या मारत होती. मी म्हटलं, हिच्या कमरेवर एक घागर द्या, मग बघू.

नायना एकदा माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले. वाकडी मान, पडता खांदा, सुटलेली वेणी, सगळं त्यांनी बराच वेळ पाहिलं. "ही ग्राफवर बसायची नाही," ते तेलुगूत म्हणाले. कौतुक होतं की तक्रार, ते त्यांच्या आवाजावरून कधीच कळायचं नाही. मग म्हणाले, "आधी वेल पुरी कर. मग ही." मी दोन्ही पुरं करत राहिले.

चाचांनी नवा कागद पाहिला आणि टेबलावरचे रंगाचे डबे एका बाजूला सारले. "बैठ," म्हणाले. अण्णा पुटपुटले, "भिंगरी तर भिंगरी." बाहेर येऊन मी रस्त्यात एकटीच हसत सुटले. एका सायकलवाल्याने वळून पाहिलं.

आमची कामाची पद्धत अशी ठरली: पानं आधी चाचांनी काढायची, वावटळ, गुंड, घरं, आभाळ सगळं शाईत पुरं करायचं आणि भिंगरीपुरती जागा कोरी सोडायची. ती मी भरायची. दुपारची वेलीची कामं आटोपून मी छापखान्यात जायची. शाईचा आणि रॉकेलचा वास, मशीनची धपधप, अण्णांच्या घरून येणारी खाऱ्या शेंगदाण्यांची वाटी. गोष्ट अण्णा लिहायचे आणि दोन-दोन पानं करून हातात द्यायचे. दुष्ट माणसाचं नाव टँकरसम्राट, हा शहराचं पाणी चोरून विकायचा. गोष्ट मला आवडली. पण पानं पुढे सरकत गेली तसं माझ्या लक्षात यायला लागलं की माझ्या वाट्याला येणाऱ्या कोऱ्या जागा लहान होत चालल्यात आणि त्यांच्याभोवती आधीच काहीतरी काढलेलं असतं. इथे पोतं, तिथे मोठा हात तोंडावर. भिंगरी नुसती "वाचवा" म्हणत होती. शेवटी अण्णांनी सांगितलं, कव्हरवर आणि अखेरच्या पानावर टँकरसम्राटाने तिला पाण्याच्या टाकीवरच्या खांबाला बांधलंय आणि वावटळ तिला सोडवतोय.

"अण्णा, ही साथीदार आहे ना?" मी म्हणाले. "मग हिला नुसतं सोडवतच का राहायचं?"

"मग वावटळनं सोडवायचं कुनाला?"

"गावाला. गाव तहानलंय की."

"वाचनारी सगळी पोरं हैत," अण्णा म्हणाले. "गोष्ट माजी, छापखाना माजा. तू चित्र काढ."

माझा पारा चढला, पण मी कागद उचलून घरी आणले. कव्हर टेबलावर पसरलं. चाचांनी झकास काढलं होतं. उंच टाकी, तिच्या शिडीला एका हाताने लोंबकळणारा वावटळ, दुसरा हात वर, बांधलेल्या पोरीकडे लांबवलेला. वर खांब, त्याला दोराचे वेढे, आणि दोराचं एक मोकळं टोक वाऱ्यावर उडत वावटळच्या हातापर्यंत आलेलं. ते चाचांनी उगीच शोभेसाठी काढलं असावं. वेढ्यांच्या मधोमध माझी कोरी जागा. मी त्या जागेकडे बघत बसले, नायनांच्या वेलीला हात लावला नाही, आणि त्यांनीही आठवण करून दिली नाही. बघता बघता मला दिसलं की चाचांची एक रेघही न खोडता हे चित्र फिरवता येतं. मला धडकी भरली. शाईत काढलेलं परत घेता येत नाही आणि दुसऱ्या दिवशी कव्हर छपाईची प्लेट बनवायला जाणार होतं. मोडलं असतं तर भिंगरीही गेली असती आणि मीही. तरी काढलं. बांधलेली पोरगी काढलीच नाही. खांबाला एक पाय लावून, कंबर एकीकडे बाहेर, सगळं अंग मागे टाकून दोर खेचणारी भिंगरी काढली. वावटळचा वर आलेला हात आता तिने फेकलेला दोर पकडत होता. अखेरच्या पानावरही माझ्या कोऱ्या जागांतच ती सुटली कशी ते दाखवलं: गुंडांनी गाठ न मारता नुसतेच वेढे दिले होते, कांडी भरल्यासारखे. ती श्वास सोडून अंग आकसते, खांदा पाडते आणि वेढ्यांच्या खालून निसटते.

सकाळी अण्णांनी कव्हर पाहिलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "हे काय करून ठेवलीस गं? वावटळला लटकवलीस?"

"लटकलेलाच होता तो. मी हात लावलेला नाही."

"पूस हे."

टेबलावर पांढऱ्या रंगाची बाटली होती. मी ती उचलून त्यांच्यासमोर ठेवली, शेजारी ब्रश ठेवला. "तुम्ही पुसा अण्णा. पण मग आतल्या सगळ्या पानांवरची पण पुसा. ही बांधून घेणारी नाही. बांधलेली हवी असेल तर दुसऱ्याकडून दुसरी काढून घ्या, तिचं नाव भिंगरी ठेवू नका."

अण्णांनी खरंच बाटलीचं झाकण काढलं. ब्रश बुडवला. पलीकडे प्लेट बनवणारा पोऱ्या कव्हर घेऊन जाऊ का म्हणून विचारत होता, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. उस्मानचाचा कव्हरवर वाकले. आपल्या वावटळचं असं झालेलं पाहून ते चिडतील अशी मी तयारी ठेवली होती. ते एवढंच म्हणाले, "वजन दिसरा." आणि परत आपल्या जागेवर जाऊन बसले.

ब्रश तसाच हवेत. पांढऱ्याचा एक थेंब टेबलावर पडला. अण्णा चित्राकडे बघत होते, आणि हळूहळू त्यांचं बघणं बदललं; मालकाचं होतं ते वाचणाऱ्याचं झालं. "पन ही सुटली कशी?" त्यांनी विचारलं.

मी अखेरचं पान पुढे सरकवलं. त्यांनी ते वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं. "आनि टँकरसम्राट?"

"वावटळ त्याला धरतच होता, आता दोघं मिळून धरतात. शेवटची चौकट बघा."

अण्णांनी ब्रश पाण्यात टाकला. "लेखक म्हनून नाव माजंच र्‍हाईल," ते गुरगुरले.

"राहू द्या की," मी म्हणाले, आणि माझा जीव भांड्यात पडला.

अंक निघाला. वास येणारा, ओला वाटणारा पहिला अंक मी पदराखाली झाकून घरी आणला. नायनांनी तो हातात घेतला, कव्हरची छपाई बोटाने चाचपली, रंग कुठे सरकलाय ते दाखवलं आणि टेबलावर ठेवून दिला. मी मागच्या खोलीत गेले तेव्हा अम्मा कांड्या भरत होती. तिला मराठी वाचता येत नव्हतं, तेलुगूही नाही. तिने राट थांबवला, हात पुसले, अंक मांडीवर घेतला आणि पान उलटायच्या आधी कव्हरकडेच बघत राहिली. मी काही सांगायला तोंड उघडलं, तर तिने हाताने गप्प केलं. मग पानं उलटली, एकेक, अगदी शेवटपर्यंत. निसटण्याच्या पानावर ती फिसकन हसली.

दुपारी मी छापखान्यातून परत आले तर शेजारच्या बायका आमच्या मागच्या खोलीत दाटीवाटीने बसलेल्या. अंक अम्माच्या हातात, आणि अम्मा, जी चार माणसांत कधी आवाज चढवून बोलली नव्हती ती, बोट ठेवून ठेवून त्यांना गोष्ट सांगत होती. अण्णांची नव्हे, माझीही नव्हे. तिच्या गोष्टीत भिंगरीला आधी घरच्यांनीच बांधलं होतं, लहान होती तेव्हाच. टँकरवाला नंतरचा. तिच्या गोष्टीत भिंगरी दोर टाकून त्या माणसाला वर ओढते, पण वर आल्यावर त्याला सांगते, आता माझ्या मागून चल. बायका माना हलवत होत्या. "मग?" एकीने विचारलं. "मग काय," अम्मा म्हणाली, "चालला तो."

त्यातलं एक अक्षरही अंकात नव्हतं. मी दारात उभी राहून सगळं ऐकलं आणि दुरुस्त काही केलं नाही. अम्माची भिंगरी माझ्यापेक्षा धीट होती. दुसऱ्या अंकाला मी तीच काढायला बसले.